चावायचं, गिळायचं नाही

बाल्कनीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधून सापडलं नसतं. थिएटरच्या खुर्च्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसलेला स्पंज उपसून नवा भरायचा, वाकड्या दाभणाने टाके घालून कड ओढून घ्यायची आणि ओठांत धरलेले बारीक खिळे एकेक काढून ठोकायचे. काम सकाळच्या खेळाआधी उरकायचं अशी मॅनेजरची ताकीद असायची. पण सिनेमा चांगला असला की बाल्कनीतल्या एखाद्या खुर्चीचं दुखणं हटकून वाढायचं आणि हा पठ्ठ्या मांडीवर हातोडी ठेवून अख्खा खेळ बघूनच खाली यायचा. मॅनेजरला हे माहीत होतं. त्याच्या घरचा सोफा फुकट शिवून मिळाला होता, त्यामुळे त्याचंही तोंड शिवलेलं होतं.

नाव पडलं ते यावरून, आणि टिकलं ते त्याच्या बोलण्यामुळे. जगातल्या सगळ्या गोष्टींची त्याने थिएटरसारखी वर्गवारी केली होती. रस्सा जमला की "बाल्कनी झालाय". पाव शिळा निघाला की "पहिल्या रांगेतला दिसतोय". लग्न ठरलं तेव्हा मित्रांनी विचारलं, मुलगी कशी आहे? तर म्हणाला, "बाल्कनी!" हे मुलीच्या कानावर गेलं, तेव्हा ती आठवडाभर फणकारली होती. पुढे तिला सगळे वहिनी म्हणू लागले. त्याला अरे-तुरे आणि तिला अहो-जाहो, असा आळीचा रिवाजच पडून गेला.

वहिनींच्या हाताला चव होती आणि बाल्कनीच्या जिभेला दाद द्यायची अक्कल. असं जोडपं जुळायला नशीब लागतं. बाजारातून मासे आणताना तो पिशवी छातीशी धरून यायचा. कांदा किती परतावा यावर दोघांची भांडणं व्हायची, आणि ती शेजाऱ्यांनाही पाठ होती. एक थिएटर बंद पडलं, तेव्हा तिथली जोडखुर्ची त्याने उचलून आणली आणि घरात टीव्हीसमोर जमिनीत बोल्ट मारून पक्की केली. मधला हात दोघांत एकच. त्यावरून कोपराकोपरी चालायची. रोजचं जेवण तिथेच, ताटं मांडीवर आणि डोळे पडद्यावर.

बाल्कनी जेवताना ताटाकडे बघतच नसे. हात ताटात जायचा, घास तोंडात, तोंड हलायचं, घसा गिळायचा, आणि मालक मात्र त्या वेळी सिनेमातल्या कुठल्यातरी खुन्याच्या मागे धावत असायचा. "डोळ्यांचं काम डोळ्यांनी करावं, जिभेचं जिभेने. मध्ये लुडबुड कशाला?" असं म्हणायचा. एकदा वहिनींनी गंमत म्हणून पिळलेल्या लिंबाची साल त्याच्या ताटात ठेवली. त्याने ती चावली, गिळली आणि जाहिराती लागल्यावर विचारलं, "आज लोणचं वेगळं होतं का गं?" वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दुसरी एक गोष्ट मात्र तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. ताटात कण उरता कामा नये. टाकायचं असेल तर वाढून घेऊ नका, हा घरातला कायदा होता. लेक लहान असताना तिने एकदा भाजी तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवली. बाल्कनीने सिनेमा बंद करून तिला ती पुन्हा खायला लावली होती. पोरगी रडली. सिनेमा बंद झाला म्हणून तोही जवळजवळ रडकुंडीला आला होता.

मग त्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, नंतर थिएटरमधल्या गारव्यावर खापर फोडलं. घास अडकायला लागला, तेव्हा लेकीनेच त्याला डॉक्टरकडे ओढून नेलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, आणि दुखणी कशी वाढतात ते रोज काउंटरवरून बघत होती. गाठ घशात होती. ती किरणांनी जाळली. गाठ गेली, पण तिच्याबरोबर घशाचं शहाणपणही गेलं. अन्न कुठल्या वाटेने सोडायचं आणि श्वास कुठल्या, हे त्याला कळेनासं झालं. पाण्याचा घोट घेतला तरी तो छातीत उतरायचा.

"तोंडावाटे काहीही नाही. पाणीसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "एक घास जरी फुप्फुसात गेला, तरी मग आमच्या हातात काही राहणार नाही."

पोटाला भोक पाडून नळी बसवली. डब्यातली पांढरी पावडर पाण्यात कालवायची आणि सिरिंजने नळीतून हळूहळू सोडायची, हे वहिनी शिकल्या. ज्या हातांनी मासे तळले ते हात आता पावडरच्या गुठळ्या मोडत बसायचे. बाल्कनी पोट उघडं टाकून छताकडे बघत पडायचा. भूक भागायची. पण त्याला जेवण म्हणायला त्याची जीभ धजली नाही.

यानंतर घरच्यांनी जे केलं, ते मायेपोटी केलं. म्हणून तर त्यावर बोलायची सोय नव्हती. लेकीने फर्मान काढलं, की बाबांसमोर कोणी खायचं नाही, घरात फोडणी घालायची नाही, तळण तर नाहीच. वहिनी लेकीकडे जाऊन स्वयंपाक करायच्या आणि तिथेच ओट्याशी उभ्या राहून चार घास पोटात ढकलून यायच्या. घरातल्या शेगडीवर नुसतं पाणी उकळायचं. भेटायला येणारे घरून खाऊन यायचे आणि चूळ भरून यायचे. टीव्हीवरच्या पाककृतींच्या वाहिन्या जावयाने काढूनच टाकल्या. सिनेमातली माणसं जेवायला बसली रे बसली, की लेक रिमोटवर झडप घालायची. आता सिनेमात माणसं दुसरं करतात तरी काय? एक तर मारामारी करतात, नाहीतर जेवतात. बाल्कनीला मारामाऱ्या तेवढ्या उरल्या.

घोगऱ्या आवाजात जेवढं बोलता यायचं, तेवढंही बोलेनासा झाला. घरात राहून घराबाहेर पडलेला माणूस तसा तो त्या जोडखुर्चीत बसायचा. वहिनींना ते दिसत होतं आणि आतून तुटत होतं. पण लेक म्हणते ते बरोबरच आहे, डॉक्टर म्हणतात ते तर बरोबरच आहे, असं स्वतःला बजावून त्या गप्प राहायच्या.

काही महिन्यांनी त्याची चव परत आली. किरणांनी ती मारली होती, तोंडात नुसती राख लागायची. एक दिवस दात घासताना त्याला टूथपेस्ट गोड लागली. तोंडाला कुलूप लागल्यावर चव परत येते! दैवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतो? हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. फक्त बाथरूममध्ये जास्त वेळ राहायला लागला.

वहिनींना शंका आली ती नळाच्या आवाजाने. नळ चालू, आणि अंगावर पाणी घेतल्याचा आवाज नाही. त्यांनी दार ढकललं. बाल्कनी बेसिनवर ओणवा झाला होता. गाल फुगलेले, हातात अर्धं बिस्किट, आणि बेसिनमध्ये चावून थुंकलेला लगदा पाण्याबरोबर फिरत होता. पूर्वी पाहुण्यांसाठी असलेला, आता माळ्यावर लपवलेला डबा त्याने शोधून काढला होता.

"गिळलं नाही," तोंडातलं थुंकून तो घाईघाईने म्हणाला. "शपथ घेतो. एक कणसुद्धा गिळला नाही गं."

वहिनींना आधी राग आला, डोक्यात तिडीक गेली. मरायचंय का या माणसाला? मग त्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. उरलेलं अर्धं बिस्किट तो पाठीमागे लपवत होता. ज्याने आयुष्यभर ताटात कण टाकू दिला नाही, तो म्हातारा चोरून चावत होता, थुंकत होता, आणि थुंकल्याची लाज वाटून रडत होता.

"चव येते?" वहिनींनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"कधीपासून?"

"झाले दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू लेकीला सांगितलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून वहिनींना जास्तच लागलं. त्या रात्री अंथरुणावर पडून त्या एकच विचार करत राहिल्या. हा माणूस जगावा म्हणून आपण त्याचं जगणंच काढून घेतलं की काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला निरोप पाठवला, की कंबर दुखतेय, आज येत नाही. दुपारी शेगडी पेटवली, कढई ठेवली आणि बटाट्याचे काप तळले. तेलाचा पहिला चर्र आवाज झाला, तेव्हा बाल्कनी भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि नुसता उभा राहिला.

वहिनींच्या अटी कडक होत्या. एका वेळी एकच काप, तोही अर्धा. चावायचं, गिळायचं नाही. एनॅमलचा वाडगा त्या स्वतः हातात धरणार, त्यांच्या डोळ्यांदेखत थुंकायचं आणि तोंड पुसायचं. आणि टीव्ही बंद.

"टीव्ही कशाला बंद?"

"लिंबाची साल विसरलात? सिनेमा लागला की तुमचं तोंड तुमच्या ताब्यात राहत नाही."

त्याने सगळं कबूल केलं. बटाटा त्याला तेव्हा कुठल्याही अटीवर हवा होता.

पहिला काप त्याने इतका वेळ चावला, की वहिनींचा वाडगा धरलेला हात भरून आला. थुंकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." वहिनींना वाटलं, या माणसाच्या गळ्यात पडावं. किती दिवसांत कोणी त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती!

मग रोजचंच झालं. लेकीकडे जाणं कंबरेच्या नावाखाली बंद, घरीच काहीतरी उकडून खाते असं तिला सांगितलेलं. कधी मासा, कधी अंडं, कधी नुसता पाव आणि लोणी. वहिनी त्याच्या शेजारी बसून स्वतः जेवायच्या, तेही बसून आणि पोटभर. लेक यायच्या वेळेआधी खिडक्या उघडायच्या, फरशी पुसायची, कढई घासून पालथी घालायची. तरी एकदा लेकीने दारातच नाक वर केलं.

"आई, तळण केलंस?"

"मग काय जन्मभर उकडलेलं खाऊ?" वहिनी फिसकारल्या. "बाबा झोपले होते तुझे."

लेकीने बाबांकडे बघितलं. बाबा अगदी साळसूद चेहऱ्याने छताकडे बघत होते. आपण खोटं बोललो याचं वहिनींना वाईट वाटलं, पण लेक गेल्यावर दोघं शाळकरी पोरांसारखी हसली, हेही खरं.

पण माणसाचं मन मोठं हावरट. बोट दिलं की मनगट धरतं. महिनाभराने बाल्कनी बंद टीव्हीकडे बोट दाखवून कुरकुर करायला लागला. काळ्या काचेत दोन म्हातारी दिसायची, एक चावतोय आणि दुसरी त्याच्या तोंडाखाली वाडगा धरून बसलीय.

"हा खेळ बघायला तिकीट कोण काढेल?" तो म्हणाला. "लाव ना."

"नाही."

"टीव्ही बंद करून खाणं म्हणजे औषध घेणं. ते तर नळीतून चाललंच आहे."

"नाही म्हटलं ना? तुमच्या तोंडाचा भरवसा नाही."

"अगं, माझं काय माझ्या ताब्यात राहिलंय? पोटाला नळी, नळीला तू. एकदा नेहमीसारखं बसू. एकदाच."

वहिनींनी दहा वेळा नाही म्हटलं. अकराव्या वेळी त्यांनी रिमोट उचलला. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, त्यांना परिणाम ठाऊक नव्हता असंही नाही. त्यांनाही त्या काळ्या काचेचा वीट आला होता. त्यांनाही नेहमीसारखं बसायचं होतं.

दुपारची वेळ होती. एक जुना विनोदी सिनेमा लागला होता, दोघांनी पूर्वी न बघितलेला. ताटलीत बटाट्याचे काप होते, वाडगा वहिनींच्या हातात. प्रत्येक घासाला त्या त्याच्या मनगटावर टिचकी मारायच्या, की तो भानावर येऊन थुंकायचा. पहिले काही काप व्यवस्थित पार पडले. वहिनींना वाटलं, उगाच घाबरत होतो आपण.

पडद्यावर एक चोर इन्स्पेक्टरच्या घरात शिरला होता आणि कपाटात लपला होता. नेमकं त्याच दिवशी इन्स्पेक्टर घर बदलत होता. हमाल ते कपाट उचलून जिन्यावरून खाली न्यायला लागले. कपाट वाकडं झालं, आतून धाडकन आवाज आला. हमाल एकमेकांना शिव्या घालायला लागले. मग कपाटात कोणीतरी शिंकलं. सगळे थांबले. इन्स्पेक्टर कपाटाजवळ गेला, नीट बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि दार किंचित उघडून आत दिला. आतून एक हात आला, रुमाल घेतला आणि दार लावून घेतलं.

वहिनी खदखदून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारी बाल्कनी त्याच्या फाटक्या आवाजात हसत होता, मधल्या हातावर थापा मारत होता. हसणं ओसरल्यावर वहिनींचं लक्ष वाडग्याकडे गेलं. वाडग्यात शेवटचा घास नव्हता. त्यांनी वर बघितलं. बाल्कनीचं तोंड हसून उघडं राहिलं होतं आणि आत काहीच नव्हतं.

"कुठे गेला?" त्या ओरडल्या. "अहो, घास कुठे गेला?"

त्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यालाही तेव्हाच कळलं. मग खोकला सुरू झाला, आणि तो काही थांबेना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "तोंडावाटे काय दिलंत?" लेक आणि जावई शेजारी उभे होते. वहिनी म्हणाल्या, "मी बटाटा दिला." लेकीने आईकडे अशा नजरेने बघितलं, की त्यापुढे दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

फुप्फुसात पाणी भरलं, ताप चढला. बाल्कनीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. तिसऱ्या दिवशी तो थोडा शुद्धीवर होता. वहिनींनी त्याचा हात धरला आणि इतके दिवस मनात घोळत असलेलं विचारलं.

"का गिळलंत हो?"

त्याने मास्क बाजूला केला. "विसरलो."

"गिळायचं नाही, हे विसरलात?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. दम घेतला. "आजारी आहे, तेच विसरलो."

नंतर तो बोलला नाही. सिनेमात मरताना माणसं बरंच काही सांगतात, हात हातात देतात. तसलं काही झालं नाही. वहिनी पाण्याची बाटली भरायला नळावर गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा नर्स यंत्राच्या वायरी गुंडाळत होती.

आठवडा उलटला. लेक घरी आली ती काम घेऊन. न फोडलेले पावडरचे डबे, सिरिंजा, नळीची पाकिटं हे सगळं दुकानात परत द्यायचं होतं, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून. ती खोक्यात सामान भरत होती आणि वहिनी पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या,

"ते म्हणाले, आजारी आहे हेच विसरलो होतो."

लेकीचा हात थांबला. "हे सांगून तुला काय मिळतंय? तुझा दोष कमी होईल?"

"नाही."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. तू माझ्याशी खोटं बोललीस, आई. तू मारलंस त्यांना."

"हो," वहिनी म्हणाल्या.

लेकीला वाटलं होतं, आई रडेल, नाही म्हणेल, काहीतरी कारणं देईल. मग भांडता आलं असतं. ती खोक्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावायला लागली. पट्टी वाकडी लागली, तिने ती ओढून काढली, पुन्हा लावली. पाठमोरी असतानाच तिने विचारलं,

"नुसता तळलेला होता, की वर काही घातलं होतंस?"

"मीठ आणि मिरपूड."

"मीठ नीट होतं?"

"होतं. त्या दिवशी नीट होतं."

"कुरकुरीत झाला होता?"

"झाला होता गं," वहिनी म्हणाल्या, आणि लेक ते खोकं तसंच सोडून त्यांच्याजवळ येऊन बसली.